न विचारता नेलेली गाडी

गाडी मी ठोकली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कोणाला वाटायला नको की ही बाई स्वतःला धुतल्या तांदळासारखी समजते. मागे पलंग सरकला, मी मान वळवली आणि गाडी घड्याळाच्या दुकानात घुसली. चूक माझी. पण ठोकणं वेगळं आणि चोरणं वेगळं, आणि या दोन शब्दांच्या मधल्या फटीत माझं माहेर गेलं.

गाडी भावोजींची, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याची. त्यांचं फरशांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकांकडे माल पोचवायला एक छोटा टेम्पो. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला घरात अजून छोटीच म्हणतात. सेहेचाळीस वर्षांची, गुडघे कुरकुरणारी छोटी. वडील लवकर गेले, आई दिवसभर कपडे शिवायच्या कारखान्यात असायची, त्यामुळे माझी वेणी घालण्यापासून माझ्यासाठी शेजारच्या पोरांशी भांडण्यापर्यंत सगळं ताईने केलं. मी गणितात नापास झाले की प्रगतिपुस्तकावर आईची सही ताईच ठोकायची. इतकी हुबेहूब, की एकदा आईलाच प्रश्न पडला, ही सही आपण कधी केली? ताईवर माझा विश्वास होता असं म्हणणंसुद्धा चुकीचं आहे. आपण ज्या जमिनीवर उभे असतो तिच्यावर विश्वास आहे का, असं कोणी विचारतं का कोणाला?

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मी राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईचं घर तळमजल्यावर. त्यामुळे इस्पितळातून आई सरळ ताईकडेच गेली. त्यात कोणाला काही बोलावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याकडून उचलता येईल असा पलंग बघा. मी त्याच इस्पितळाच्या लाँड्रीत काम करते. वॉर्डातल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे कपडे, सगळं आमच्याकडे येतं. इस्पितळाने नुकतेच जुने पलंग मोडीत काढले होते. त्यातला एक मी आईसाठी धरून ठेवला. पायाशी दांडा, तो फिरवला की डोक्याची बाजू वर. जरा गंजका, पण दणकट.

आता तो आणायचा कसा? भावोजींचा ड्रायव्हर आजारी होता. ताईच म्हणाली, "अगं, तू चालवतेस की. टेम्पो घेऊन जा. ह्यांना दुकान सोडून कुठे जमतंय?" खरंच होतं ते. मी पूर्वी सहा वर्षं इस्पितळाची कपड्यांची गाडी चालवलेली, लायसन्सही चालू होतं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेले. आई आतल्या खोलीत साध्या खाटेवर, पाठीला तीन उशा लावून बसली होती. ताईने तिथे येऊन किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. दारात भावोजी बूट घालत होते. ते म्हणाले, "ब्रेक जरा खोल दाबावा लागतो. आणि पलंग नीट बांध. लोखंड आहे, सरकलं की गाडी एका बाजूला ओढते."

"सावकाश गं," आई म्हणाली.

एवढं सगळं सविस्तर सांगते, कारण पुढे याच चार मिनिटांवर सगळी लढाई झाली.

पलंग मी बांधला होता. दोन दोऱ्या, चार गाठी. पण तिसरी दोरी घालायला हवी होती, हे मला आता कळतं. परतताना वळणावर मागे धाडकन आवाज झाला आणि पलंगाचं डोकं केबिनच्या पाठीवर आपटलं. मी मागे पाहिलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पुढे पाहिलं तर वळण संपलं होतं आणि मी अजून वळतच होते. टेम्पो फुटपाथवर चढला आणि घड्याळदुरुस्तीच्या एका चिंचोळ्या दुकानाची काच फोडून थांबला.

काचेच्या मागेच घड्याळवाला बसला होता. एका डोळ्याला भिंग लावलेला, सत्तरीकडे झुकलेला, किडकिडीत माणूस. टेबल मध्ये होतं म्हणून तो वाचला. पण उजव्या हातात काच घुसली. मी खाली उडी मारली, गळ्यातला स्कार्फ काढला आणि त्याचा हात वर धरून मनगटाखाली करकचून बांधला. इस्पितळात इतकी वर्षं रक्ताचे कपडेच धुतलेत, त्यामुळे रक्ताला मी घाबरत नाही. पण त्याने बोटं हलवायचा प्रयत्न केला आणि दोन बोटं हललीच नाहीत, तेव्हा मी रुग्णवाहिका बोलवा म्हणून ओरडले.

रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. फरशांचं दुकान तिथून दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून भावोजी आधी पोचले. त्यांनी टेम्पोचं दबलेलं तोंड पाहिलं, फुटलेला दिवा पाहिला, आणि सगळ्या रस्त्यासमोर माझ्यावर ओरडले, "सकाळी किल्ली देताना बजावलं होतं ना तुला, पलंग नीट बांध म्हणून!"

मी मान खाली घातली.

पोलीस आले, लायसन्स पाहिलं, अपघात अशी नोंद केली आणि गेले. घड्याळवाल्याचं ऑपरेशन माझ्याच इस्पितळात झालं. बोटं ओढणाऱ्या दोन शिरा तुटल्या होत्या. त्या जोडल्या, पण हात पूर्वीसारखं बारीक काम करेल की नाही, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी रोज सुट्टी झाली की वर जाऊन त्याला भेटत होते. तो मला फार काही बोलायचा नाही. रागवायचाही नाही. एकदा एवढंच म्हणाला, "विमा आहे ना गाडीला? मग सांगा, कोणाला भेटायचं ते." मी म्हटलं, भावोजी बघतायत.

बघतच होते ते.

तीन आठवड्यांनी विमा कंपनीच्या तपासनीस बाई लाँड्रीत आल्या. मी रोलरवर होते. आमच्याकडे चादर दोघींनी धरून गरम रोलरमध्ये सोडायची असते, पलीकडे दोघी घडी घालतात. आवाज इतका, की बाईंना प्रश्न दोनदा विचारावा लागला.

"किल्ली तुम्ही कुठून घेतली?"

"ताईने हातात दिली."

बाईंनी फाइलमधला कागद पाहिला. मग माझ्याकडे. मग मला बाहेर, कपड्यांच्या ढकलगाड्या उभ्या असतात तिथे घेऊन गेल्या. पन्नाशीच्या असाव्यात, पायात चालून चालून झिजलेले बूट.

"इथे वेगळं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर होती. घरात कोणाला न विचारता तुम्ही ती उचलली आणि गाडी नेली. मालकाचा जबाब आहे. साक्षीदार म्हणून त्यांच्या पत्नीची सही."

मी ती सही पाहिली. ताईचं अक्षर मी अंधारात बोटांनी चाचपडूनही ओळखेन.

"असं का लिहितील ते?" मी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

बाईंनी समजावून सांगितलं. भावोजींची पॉलिसी धंद्याच्या गाडीची, स्वस्तातली. गाडी एक तर मालकाने चालवायची, नाही तर त्याच्या पगारी ड्रायव्हरने. तिसऱ्याच्या हातात दिली आणि ठोकली, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम मिळणार नाही. पण परवानगीशिवाय कोणी नेली असेल तर ती चोरीत मोडते, आणि चोरीचं नुकसान पॉलिसीत बसतं.

"आणि घड्याळवाले?"

"मालकाने स्वतः गाडी दिली असेल तर मालकाची जबाबदारी येते, आणि त्याच्या वतीने जखमी माणसाची भरपाई आम्ही देतो. चोरीची असेल तर मालक सुटतो, आम्हीही हात वर करतो. मग त्यांनी तुमच्यावर दावा लावायचा." बाईंनी फाइल मिटली. "मी कोणाची बाजू घेत नाही. आठ दिवसांत तुमचा जबाब लेखी द्या. नाही दिलात तर हाच खरा धरला जाईल."

त्या गेल्यावर मी पुन्हा रोलरवर उभी राहिले. माझ्या हातून चादर तिरकी गेली, अडकली आणि करपली. बारा वर्षांत माझ्याकडून एकही चादर करपली नव्हती.

कामावरून मी तशीच ताईकडे गेले. ती ओट्याशी भाजी चिरत होती.

"ताई, मी गाडी चोरली?"

तिने मान वर केली नाही. "चोरली असं कुठे लिहिलंय? न विचारता नेली असं लिहिलंय."

म्हणजे शब्दसुद्धा तिला पाठ होते. तोपर्यंत मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं, भावोजींनी तिला न वाचता सही करायला लावली असेल. ती आशा त्या चिरलेल्या भाजीबरोबर ताटात पडली.

भावोजी बाहेरच्या खोलीतून आले. ते ओरडले नाहीत. उलट फार मऊ बोलले. "हे बघ, एजंटनेच सुचवलं हे. दुसरा रस्ता नाही. गाडीचं कर्ज अजून फिटायचंय. तुझं काय जाणार आहे यात? कंपनी दोन पत्रं पाठवेल, तिसरं पाठवायचं विसरेल. तुझ्याकडे घ्यायला आहे काय त्यांना?"

"दुरुस्तीतला माझा वाटा मी देते. हप्त्याने देते. चूक माझीच आहे."

"तुझ्या पगारात आरसासुद्धा येणार नाही."

"आणि तो माणूस? त्याचा हात?"

"त्याचं नंतर बघू."

"भावोजी, लाँड्रीच्या भांडाराच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. चोरीची नोंद झाली तर उद्या मला दारात उभी करणार नाहीत."

"तिथे सांगायला कोण जातंय?"

तोवर ताईने हात पुसले आणि फ्रिजवरून एक कागद काढला. टाइप केलेला. खाली माझं नाव, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली. 'मी किल्ली न विचारता घेतली, याबद्दल मला खेद आहे.' तिने पेनसुद्धा आणून ठेवलं.

"कागदावरचं आहे गं फक्त," ती म्हणाली. "कोण वाचतंय?"

"मी वाचतेय ना."

"लहानपणी तुझ्यासाठी किती खोट्या सह्या केल्या मी. तुला एक जमत नाही?"

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. आणि आणखी एक खरं सांगते. तिने आधी येऊन माझा हात धरला असता, 'छोटे, आम्ही बुडतोय गं, एवढं कर' असं म्हणाली असती, तर मी बहुतेक केली असती सही. मूर्खासारखी केली असती. पण तिने मला विचारलं नाही. मला चोर ठरवून तीन आठवडे झाले होते, आणि त्या तीन आठवड्यांत मी दोनदा येऊन आईला आंघोळ घालून गेले होते. दोन्ही वेळा ताईने मला चहा दिला होता. दुसऱ्या वेळी तर, जरा बारीक झालीस गं, असंही म्हणाली होती.

मी आईच्या खोलीत गेले. आई त्याच पलंगावर होती. एका कोपऱ्याला पोचा आला होता, पण दांडा फिरत होता. मी जवळ बसले.

"आई, त्या दिवशी ताईने किल्ली माझ्या हातात दिली. इथे, तुझ्यासमोर. भावोजी दारात होते. तू म्हणालीस, सावकाश गं. आठवतं?"

आई चादरीची कड बोटांनी सरळ करत राहिली. "औषधांनी डोकं जड असतं बघ. काही लक्षात राहत नाही."

आईला शेजारणीच्या मुलीच्या लग्नात कोणी कोणता आहेर केला होता ते आजही लक्षात आहे.

मी उठले नाही. ती बोलेल म्हणून बसून राहिले. मग तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सही करून टाक, छोटे. मला इथंच राहायचंय."

तो कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला आणि निघाले. ताई दारापर्यंत आली नाही.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, केशकर्तनालय चालवतात. तीन खुर्च्या, दोन आरसे, भिंतीला टांगलेला एक रेडिओ. मी दुकानातच गेले, कारण घरी जायला तीन मजले चढायचं बळ नव्हतं. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मला मधल्या खुर्चीत बसवलं आणि कागद वाचला. दोनदा वाचला.

"तीस वर्षं केस कापतोय मी," ते म्हणाले. "केसाने गळा कापता येतो हे आज पाहिलं."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, ते थांबेना. त्यांनी खुर्चीवरचा स्वच्छ टॉवेल माझ्या हातात दिला. काय कर, काय करू नकोस, काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "काहीही कर, पण ताईचा राग म्हणून करू नकोस. राग उतरल्यावरही बरोबर वाटेल तेच कर."

मग मी घड्याळवाल्याकडे गेले. त्याला सगळं सांगणं भागच होतं. त्याचा हात माझ्यामुळे गेला होता आणि आता त्याची भरपाईही माझ्या माणसांमुळे जात होती. दुकानाला काचेच्या जागी फळ्या ठोकल्या होत्या. आत दिवा लावून तो बसला होता. उजवा हात पट्टीत, डाव्या हातात चिमटा. मनगटी घड्याळातला एक इवलासा स्क्रू डाव्या हाताने उचलायचा प्रयत्न चालला होता. स्क्रू दर वेळी निसटायचा, तो दर वेळी नव्याने सुरुवात करायचा. मी बोलत होते तोवर त्याने चिमटा खाली ठेवला नाही.

माझं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "न विचारता?"

"असं लिहिलंय."

"पण ते तर त्या दिवशी इथे उभे राहून ओरडले. सकाळी किल्ली देताना बजावलं होतं ना तुला, पलंग नीट बांध म्हणून. मी पायरीवर बसलो होतो की. तुम्ही माझा हात धरला होता."

मला ते वाक्य आठवत होतं, पण बोलणं म्हणून. तो पुरावा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्ही हे सांगाल?"

"सांगेन. पण तुमच्यासाठी नाही सांगणार, आधीच सांगतो. माझ्या हातासाठी सांगेन." त्याने भिंग कपाळावर सरकवलं. "तुम्ही जबाबात काय लिहिलंय?"

"अजून लिहिला नाही."

"मग आधी ते ठरवा बाई. मी एक सांगायचं आणि तुम्ही सही करून दुसरं सांगायचं, तर माझं कोण ऐकणार?"

पुढचे पाच दिवस मी काय केलं असं कोणी विचारलं, तर मला सांगता येणार नाही. चादरी धुतल्या. ताईचे फोन येत होते, मी उचलत नव्हते. तिच्या जागी उभं राहून बघायचाही प्रयत्न केला. दुकान मंदावलेलं, कर्ज, घरात आजारी माणूस, आणि नवरा रोज एकच गोष्ट डोक्यात घालतोय. माणूस घसरतो, कबूल. पण घसरताना कोणाला धरून पाडायचं, हे तर माणूसच ठरवतो ना? तिने मला निवडलं. परक्या माणसावर असा आळ घ्यायची तिची हिंमत झाली नसती. माझ्यावर झाली, कारण मी तिची होते. याच एका गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबत होते.

सहाव्या दिवशी अर्धी रजा टाकून विमा कंपनीच्या कचेरीत गेले. तपासनीस बाईंनी कोरे कागद दिले. मी झालं तसं लिहिलं. किल्ली कोणी दिली, काय बोलून दिली, खोलीत कोण होतं. दोऱ्या दोनच बांधल्या, तिसरी हवी होती, हेही लिहिलं. आवाज झाल्यावर मी मागे पाहिलं, हेही.

"हे शेवटचं लिहायलाच हवं असं नाही," बाई म्हणाल्या.

"झालंय तसं. अर्धंच खरं लिहिलं तर मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?"

फ्रिजवरचा तो टाइप केलेला कागदही मी जोडला. त्यावर माझी सही नव्हती, पेन्सिलची फुली मात्र होती.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. छोटी खोली, लांबट टेबल, भिंतीवर अग्निशमनाच्या सूचना. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. शेजारी ताई. ती टेबलाच्या कडेकडे बघत बसली. घड्याळवाल्याने पट्टीतला हात टेबलावर ठेवला आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, अगदी भावोजींच्या चालीवर.

भावोजी हसले. "रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो हो."

"बोलतो," बाई म्हणाल्या. "पण न दिलेली किल्ली दिली असं बोलतो का?"

बाईंनी शांतपणे सांगितलं, जबाब इथेच मागे घेतला तर गैरसमज म्हणून प्रकरण मिटेल. मागे घेतला नाही, तर खोटा क्लेम केला म्हणून कंपनी पुढची पावलं उचलेल. भावोजींनी ताईकडे पाहिलं, जणू काही हे सगळं तिनेच रचलं होतं. मग त्यांनी पेन मागितलं.

दारातून बाहेर पडताना ताई माझ्याजवळ थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. माझं वेडं मन, अजून वाट बघत होतं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "घर बुडवलंस आमचं."

मला पुष्कळ उत्तरं सुचली, पण सगळी जिन्यावर. तिथे तिच्यासमोर मी फक्त म्हणाले, "ताई, तू एकदा विचारायचं होतंस."

ती थांबली नाही.

पुढचं थोडक्यात. घड्याळवाल्याला कंपनीकडून भरपाई मिळाली. त्याने नवी काच बसवली. बारीक घड्याळांचं काम त्याने सोडलं. आता भिंतीवरची आणि टेबलावरची मोठी घड्याळं घेतो. मी भेटायला गेले तर स्टूल पुढे करतो, पण मनातून त्याने मला माफ केलंय असं मी धरून चालत नाही. त्याने ते करायला हवं असंही नाही. टेम्पोच्या नुकसानीचं भावोजींना काही मिळालं नाही. त्यांनी तो आहे त्या अवस्थेत विकला, आता भाड्याच्या गाडीने माल पोचवतात. माझ्या चुकीचा वाटा म्हणून मी दर महिन्याला ह्यांच्या हाती पाकीट पाठवते. हे सांगतात, भावोजी पाकीट घेतात, बसा म्हणत नाहीत. पण घेतात.

ताई माझ्याशी बोलत नाही. आईला तिने काही कमी पडू दिलं नाही, हेही सांगायला हवं. औषधं वेळेवर, कपडे स्वच्छ, नखं कापलेली. मी सुट्टीच्या दिवशी जाते. ताई दार उघडते, आत जाते आणि मी निघेपर्यंत बाहेर येत नाही. जिच्या मांडीवर मी वाढले, तिच्या घरात मी पाहुण्यासारखी चपला कडेला, नीट जोडून काढते.

आईशी माझं बोलणं होतं. हवा, गुडघे, कोणाकडे बाळ झालं, सगळं. त्या एका दिवसाला वळसा घालून आम्ही दोघी महिनोन् महिने बोलत राहिलो. मग मागच्या महिन्यात मी तिला सूप भरवत होते, तेव्हा तिने मध्येच माझा हात थांबवला.

"तू अजून रागावलीस का गं?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"हो," मी म्हणाले.

"ताईवर?"

"ताईवर आहेच. तुझ्यावर जास्त."

शेजारच्या खोलीत ताई कपाटाचं दार उघडून बंद करत होती. तिला ऐकू जात होतं की नाही, देव जाणे.

"म्हातारपणी माणूस भित्रं होतं," आई म्हणाली. "उद्या तू पडशील ना माझ्यासारखी, तेव्हा कळेल."

"कळेल कदाचित."

"मग येतेस कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजही शोधतेय. तेव्हा मी वाटी बाजूला ठेवली, पाण्यातला कपडा पिळला आणि म्हणाले, "पाठ पुसायची राहिलीय तुझी. कूस बदल."

तिने माझ्या खांद्याला धरलं आणि हळूहळू भिंतीकडे वळली.